उलटा फेर

फेराच्या पहिल्याच दिवशी मी आमच्या घरमालकिणीच्या पोटावर जाऊन आदळले. ती चांगली भरभक्कम आणि मी तेव्हा पाप्याचं पितर, त्यामुळे पडायची वेळ माझ्यावरच आली. हॉलभर बायका गोल धरून एका दिशेनं निघाल्या होत्या आणि मी एकटी त्यांच्या समोरून, अगदी आत्मविश्वासानं, चालत येत होते. बसल्या जागेवरून वर पाहिलं तर सगळ्या जर्मन बायका खिदळत होत्या आणि आमच्या नाचाच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तू कुठे निघालीस?" बाईंनी विचारलं.

"गोल फिरायला. तुम्हीच म्हणालात ना?" मी म्हटलं. आपटल्यावरसुद्धा हिचं तोंड बंद होत नाही, ही आमच्या घरातली जुनीच तक्रार आहे.

ही गोष्ट स्टुटगार्टची, साठच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचे हे तिथल्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, डॉक्टरेट करत होते आणि मी मागाहून बोटीनं गेले होते. डोंगरउतारावरच्या एका गल्लीत, खाटकाच्या दुकानावर, आमच्या दोन खोल्या होत्या. खाली सॉसेजांच्या माळा आणि वर आमचा वरणभात! पुण्यात हे कळलं असतं तर आईनं मला डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू दिलं नसतं. त्या खाटकाची बायको म्हणजे आमची घरमालकीण. आम्ही दोघं आपसात तिला काकू म्हणायचो. तिला ते माहीत नव्हतं, पण माहीत असतं तर आवडलं असतं असं मला अजूनही वाटतं.

काकूचा जीव दोन गोष्टींत होता. एक केअरवोखे, म्हणजे जिना झाडायची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकवायची, आणि पायरीच्या कोपऱ्यात धूळ दिसली की काकू बोटानं ती पुसून बोट आपल्याला दाखवायची. बोलायची नाही, नुसतं बोट दाखवायची. दुसरा तिचा जीव फेराइनमध्ये, म्हणजे गल्लीच्या टोकाला असलेल्या व्यायाममंडळात. तिथं मोठा लाकडी जमिनीचा हॉल, दोरखंड, कसरतीचे घोडे आणि भिंतीला शिड्या असा सगळा थाट होता. मी दुपारभर नुसती खिडकीत बसून असते हे तिनं एक महिना पाहिलं आणि मग एकदा वर येऊन म्हणाली, "आल्झो, हे बघ, तू अशीच बसलीस तर वाळून जाशील. बुधवारी माझ्याबरोबर चल. नवीन नाच शिकवायला एक अमेरिकन बाई येते. तुमचं दोघींचं जमेल."

आमचं का जमेल, तर ती काळी आणि मी सावळी. काकूच्या हिशेबी आम्ही दोघी एकाच आळीतल्या!

पण काकूचा होरा चुकला नाही, हेही खरं. बाई माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांचा नवरा शहराबाहेरच्या अमेरिकन छावणीत सार्जंट होता. त्या मूळच्या अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बेटावरच्या. पुढे मोठ्या शहरात नाच शिकल्या, कॅरिबियन बेटांवर जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांकडून शिकल्या. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपल्याबरोबर जे काही अंगात लपवून आणलं, ते त्या शिकवत असत. मी त्यांना "बाई" म्हणायची. हा काय शब्द, असं त्यांनी विचारलं तेव्हा आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला असंच म्हणतात, असं सांगितलं. त्यांना तो फार पसंत पडला. सगळा वर्गच मग "बाई, बाई" करायला लागला. काकूच्या तोंडी तो "बाऽय" असा यायचा.

त्यांची शिकवायची तऱ्हा न्यारीच होती. समोर उभं राहून पावलं दाखवणं नाही. आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि आधी ताल तोंडानं म्हणायला लावायच्या. "आधी तोंड. मग खांदे. पाय सर्वांत शेवटी." जर्मन बायकांना मोजायची भारी हौस. आइन्स, त्स्वाय, द्राय सुरू झालं की बाई कानांवर हात ठेवायच्या. "मोजू नका! मोजलं की तो मरतो." आणि सगळ्यांत जास्त ओरडा व्हायचा तो "खाली! खाली!" असा. त्या बायकांना लहानपणापासून छाती पुढे, मान वर, टाचा उचला असं शिकवलेलं. बाईंचा नाच सगळा वाकलेल्या गुडघ्यांत आणि जमिनीत. "आकाशात काही ठेवलेलं नाही," त्या म्हणायच्या, "तुमची माणसं जमिनीत आहेत."

मला ते जमलं. लगेच जमलं. त्याचं श्रेय माझं नाही, बाबांचं.

माझे वडील पुण्यात शाळेत ड्रिल मास्तर होते. लेझीम हा त्यांचा प्राण. मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून आजीनं नाक मुरडलं तेव्हा त्यांनी मला चौथ्या वर्षी हातात छोटी लेझीम दिली आणि मुलांच्या रांगेत उभं केलं. लोक बोलायचे ते बोलले. बाबांनी एका कानानं ऐकलं नि दुसऱ्यानं सोडून दिलं. त्यांचं एकच वाक्य मला शंभरदा ऐकावं लागायचं, "पाय आपटू नकोस. जमिनीला विचारून टाक." हलगीचे बोलही ते आधी तोंडानं म्हणायला लावायचे. त्यामुळे स्टुटगार्टच्या हॉलमध्ये बाईंनी पहिल्यांदा तोंडानं ताल धरला तेव्हा मला बाबाच समोर उभे दिसले. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, "बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबर आहे. मोजणारी पोरं कधी लेझीम खेळत नाहीत, गणित करतात."

बाईंना मी तो नमस्कार सांगितला. त्यांनीही हात जोडले, थोडे चुकीचे, पण जोडले.

तो हिवाळा मला आठवतो तो आनंदाचा. आमचे हे थट्टा करायचे. एकदा मला एक खांदा जमेना आणि मी हॉलची फळी वाकडी आहे म्हणून तक्रार केली, तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, हे आता जर्मनीतसुद्धा?" खरं तर ते दर बुधवारी अभ्यास टाकून मला न्यायला यायचे आणि बर्फात बाहेर उभे राहायचे. आत बायकांच्या वर्गात कसं यायचं, म्हणून. मी म्हणायची, अहो, आत या, कुणी खाणार नाही. पण नाही म्हणजे नाही. ढोल वाजवायला छावणीतून येणारा सैनिक त्यांना सिगारेट देऊ करायचा, हे ओढत नव्हते, तरी घेऊन खिशात ठेवायचे.

सगळं गोडच होतं असं मात्र नाही. हे असलं संगीत आपल्या फेराइनमध्ये कशाला, असं म्हणून दोन बायका वर्ग सोडून गेल्या. बाईंनी त्यांची नावं परत कधी घेतली नाहीत. काकू मात्र महिनाभर त्या दोघींना दुकानात सर्वांत शेवटी मटण देत होती.

वसंतात बाईंनी फेर काढला. जूनमध्ये फेराइनचा वार्षिक समारंभ असायचा, त्यात आमच्या वर्गानं नाच बसवायचा होता. आधीचे नाच ढोलावरचे, उड्यांचे, पण शेवट या फेरानं. त्यात ढोल नाही. एकीनं काठी घेऊन जमिनीवर ताल धरायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवत, गुणगुणत, गोलात फिरायचं. पाय उचलायचा नाही, पायावर पाय ओलांडायचा नाही, नुसतं जमिनीला घासत पुढे सरकायचं. ऐकायला सोपं, पण जर्मन काय नि मराठी काय, सगळ्यांची दमछाक व्हायची.

आणि त्याच दिवशी मी काकूवर आदळले.

मला उठवून परत गोलात उभं केलं. बाई म्हणाल्या, मध्य डाव्या हाताला ठेव आणि चाल. मी दोन पावलं गेले आणि थांबले. मघाशी माझे पाय आपोआप दुसरीकडे का वळले, हे मला तेव्हा उमजलं. देवळात, तुळशीभोवती, वडाभोवती, जन्मभर मी मध्य उजव्या हाताला ठेवून फिरत आले होते. प्रदक्षिणा म्हणजे तीच. उलटी प्रदक्षिणा आमच्याकडे एकाच ठिकाणी घालतात. चितेभोवती. मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन घालतो ती.

एरवी मी हसले असते. चार बुकं शिकलेली मी, मांजर आडवं गेलं तर मांजराला रस्ता देणारी. पण त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं होतं. बाबांच्या छातीत पाणी झालंय, अंथरुणाला खिळलेत, काळजी करू नकोस. "काळजी करू नकोस" हे आई फक्त काळजीचं कारण असलं की लिहायची. विमानाचं भाडं आमच्या स्वप्नातसुद्धा बसणारं नव्हतं आणि बोटीला तीन आठवडे. तिकडे माझे बाबा श्वासासाठी झगडताहेत आणि इकडे मी उलट्या प्रदक्षिणा घालू? छे! माझे पाय उचलेनात. मी गोलाबाहेर येऊन बाकावर बसले.

वर्ग संपल्यावर मी बाईंजवळ गेले आणि, माझाच शहाणपणा, म्हटलं, "एक सुचवू का? आपण फेर दुसऱ्या दिशेनं घेऊ. बघणाऱ्याला काय फरक पडतो?"

बाई पायांत मोजे चढवत होत्या. त्या थांबल्या. "काय म्हणालीस?"

"आमच्यात या दिशेनं फिरत नाहीत."

"आमच्यात याच दिशेनं फिरतात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या चिडल्या होत्या, हे मला कळलं. "माझी आजी बेटावर एका लाकडी प्रार्थनाघरात असा फेर धरायची. तिची आजी गुलाम होती. मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले. भाषा काढून घेतली. नावं बदलली. दिशा कुणाला काढून घेता आली नाही, कारण ती आपल्याकडे आहे हे त्यांना दिसलंच नाही. आणि आता ती मी तुझ्यासाठी बदलू?"

खरं कारण सांगितलं असतं तर बाईंना समजलं असतं. पण बाबांच्या मरणाची भीती मला मोठ्यानं उच्चारायचीच नव्हती. बोलाफुलाला गाठ पडायची, या भीतीनं मी गप्प. "मला जमणार नाही," एवढंच म्हटलं.

"मग नको जमवू," बाई म्हणाल्या आणि आपली पिशवी उचलून गेल्या.

मला वाटलं, संपलं आपलं. घरी येऊन मी यांच्याशी भांडले, भात करपवला आणि पुढच्या बुधवारी जाणार नाही असं जाहीर केलं. हे म्हणाले, "बरं." बुधवारी संध्याकाळी सहाला मी कोट घालून जिन्यात उभी! काकू म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि पुढे चालायला लागली. तिच्या हातात जिना झाडायचा झाडू होता. तो कशाला, ते हॉलमध्ये कळलं. फेरात तालाची काठी म्हणून बेटावर झाडूचाच दांडा वापरायचे आणि बाईंनी काकूला तो आणायला सांगितला होता. बाईंनी तो घेतला, उलटा धरला आणि माझ्या हातात दिला.

"तू बाहेर बस आणि ताल धर," त्या म्हणाल्या. "काठीवाला फेरात फिरत नाही. पण तो थांबला तर फेर थांबतो. कळलं?"

कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी झाडूच्या धुळीवर ढकललं. काकूच्या झाडूत धूळ! तिनं ते मला पुढे कितीतरी दिवस ऐकवलं.

असे दोन-अडीच महिने गेले. मी बाकावर बसून जमिनीवर दांडा आपटायची आणि बायका उलट्या फिरायच्या. दर पत्राला धीर यायचा नि जायचा. एकदा आईनं लिहिलं, आज तुझे बाबा उठून बसले, तुझ्या बाईंच्या फेराची गोष्ट परत वाचून दाखव म्हणाले. मी त्यांना फेराबद्दल सगळं लिहिलं होतं, फक्त दिशा सोडून. आपण गोलाबाहेर बसलो आहोत म्हणून तिकडे बाबा बसू शकताहेत, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. हसा खुशाल. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर.

समारंभ शनिवारी होता. शुक्रवारी सकाळी तार आली.

तारवाला खालीच दुकानात तार देऊन गेला होता. काकू ती घेऊन वर आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तार कशाची असते हे युद्ध पाहिलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिनं एप्रनला हात पुसले, तार माझ्या हातात दिली आणि मी वाचून होईपर्यंत माझ्या दंडाला धरून उभी राहिली. बाबा गेले होते. अंत्यसंस्कार उरकले होते. चुलतभावानं अग्नी दिला, असं त्यात लिहिलं होतं. मी रडले. इतकी रडले की खाली गिऱ्हाइकांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. माझं म्हणणं एकच होतं, तेच मी यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "अहो, मी काहीच केलं नाही त्यांच्यासाठी. एकुलती एक मी, आणि मी काहीच केलं नाही."

हे म्हणाले, "तिथं असतीस तरी तुला घाटावर कुठे जाऊ दिलं असतं?"

ते समजावायला म्हणाले होते. पण मला ते आणखीच लागलं. खरंच होतं ते. मुलीनं दारात उभं राहायचं आणि तिरडी वळणाआड गेली की घरात यायचं. चुलतभाऊ लेझीमला हात न लावलेला, बाबांना घाबरून वाड्याच्या मागच्या दारानं पळणारा. त्यानं मडकं घेऊन त्यांच्याभोवती फेरे घातले, कारण तो मुलगा होता.

शनिवारी दुपारी मी केस विंचरले आणि पांढरी सुती साडी नेसले.

"कुठे?" यांनी विचारलं.

"समारंभाला."

हे कधी मला अडवत नसत, पण त्या दिवशी दारात उभे राहिले. "अगं, सुतक आहे. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवस तरी पाळावंच लागतं. कालच तर तार आली. सुतकात नाचायचं?"

"अहो, तोच तर नाच आहे," मी म्हटलं. "सुतकातच करायचा."

फेर उलटा असतो, एवढं त्यांना माहीत होतं. मी बाहेर का बसते, तेही माहीत होतं. त्यांनी आपला कोट घेतला.

हॉलमागच्या कपडे बदलायच्या खोलीत बाई होत्या. काकूनं त्यांना सांगितलेलं होतंच. बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तू घरी जा. काठी मी बघते."

"मला फेरात घ्या," मी म्हटलं. आणि मग अडीच महिने तोंडात धरून ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं. चितेभोवतीची दिशा, मी का बसून राहिले, चुलतभाऊ, सगळं. माझं जर्मन, इंग्रजी, मराठी सगळं एकमेकांत मिसळून गेलं असणार. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "वेडे, मला आधी का नाही सांगितलंस? आजी फेर धरायची तो कुणासाठी, असं तुला वाटलं? आमचे गेलेले त्या फेरात येऊन आमच्याबरोबर चालतात."

मी पदरानं डोळे पुसले.

"तुमच्याकडे मुलगा काय करतो, ते नीट सांग," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. खांद्यावर पाण्याचं मडकं. तीन फेरे. प्रत्येक फेऱ्याला मडक्याला भोक पाडतात, पाणी गळत राहतं. तिसऱ्या फेऱ्यानंतर मडकं मागे टाकून द्यायचं, ते फुटतं आणि मागे वळून न पाहता चालू लागायचं.

"मागे का पाहायचं नाही?"

"पाहिलं तर त्यांना जाता येत नाही."

बाईंनी मान हलवली. कोपऱ्यात ठेवलेला माझा झाडू उचलला. फेरात सर्वांत पुढे त्या स्वतः असायच्या. त्या म्हणाल्या, "तू माझ्या जागी चाल."

हॉल माणसांनी भरला होता. घोडे, दोरखंड सगळं बाजूला सारलेलं, लांब टेबलं, बिअरचे मग, चुळबुळ करणारी पोरं. आमचे आधीचे नाच झाले. त्यातही मी नव्हते, कोपऱ्यात उभी होते. मग दिवे थोडे मंद झाले आणि बाई बाकावर बसल्या, माझ्या बाकावर. दांडा जमिनीवर आपटला. एकदा, पुन्हा एकदा. काकू माझ्या मागे होती, तिच्या मागे बाकीच्या. मी मध्य डाव्या हाताला घेतला आणि निघाले.

मी बसून बसून तो ताल अडीच महिने वाजवला होता, पण त्यात चालणं वेगळं होतं. पाय उचलायचा नाही. जमिनीला विचारून टाकायचा. बाबा शंभरदा सांगत होते ते मी जन्मात पहिल्यांदा पुरतं ऐकलं. पहिल्या फेऱ्यात मला लोक दिसत होते, दुसऱ्यात दिसेनासे झाले. मी मनात बाबांना म्हणत होते, बघा, मी करतेय. मी करतेय ना? माझ्या खांद्यावर काही नव्हतं, पण मी उजवा हात खांद्याशी धरला होता. तो कधी धरला, ते मला आठवत नाही.

तालमीत हा फेर बराच वेळ चालायचा, लोकांचे पाय दुखेपर्यंत. बाई शेवट कधी ठरवून देत नसत. काठी थांबली की थांबायचं, एवढंच. तिसरा फेरा पुरा झाला आणि माझ्या पाठीमागे बाईंनी तो दांडा हातातून सोडून दिला. लाकडी जमिनीवर तो असा पडला की हॉलमधली पोरंसुद्धा गप्प झाली. जिनं दिशा तसूभर बदलू दिली नव्हती, तिनं माझ्यासाठी शेवट बदलला. मला कुणी सांगायला लागलं नाही. मी हात खाली सोडला, गोलातून बाहेर पडले आणि सरळ दाराकडे चालत गेले.

मागे टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, शेवट असाच बसवलाय. पुढच्या वर्षी बाईंच्या नवऱ्याची बदली झाली, त्या अमेरिकेला गेल्या आणि तो वर्ग माझ्याकडे आला. मी तो बरीच वर्षं चालवला, हे पुढे जवळच्या झिंडेलफिंगेन गावी मोटारीच्या कारखान्यात लागले तरी बुधवारचा माझा हॉल सुटला नाही. फेराचा शेवट मी बाईंनी केला तसाच ठेवला. नव्या मुली विचारायच्या, दांडा का टाकायचा? मी सांगायची, बाईंनी तसं बसवलंय. मुलींना तेवढं पुरायचं.

पण त्या शनिवारी मी दाराबाहेर, कोट टांगलेल्या बोळात जाऊन उभी राहिले आणि भिंतीला डोकं टेकवून रडले. थोड्या वेळानं काकू आली. तिनं मला रडू दिलं, मग नाक पुसायला आपला रुमाल दिला आणि म्हणाली, दांडा पडला आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा तुझा नवरा एकटाच उठून उभा राहिला. हात जोडून. मागचे लोक खाली बस, खाली बस म्हणत होते, तरी तो बसला नाही.

यांनी आपल्या वडिलांना अग्नी दिला होता. तो आवाज कशाचा, हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांनाच कळलं असणार. हे मला काकूकडून कळलं, कारण मी मागे वळून पाहिलं नव्हतं.